चार तासांची नोकरी, साडेपाच तासांची सोय
वाचकांचे प्रश्न : मुलांचा सांभाळ आणि अर्धवेळ काम

या वेळच्या पत्रांत अडचण बहुतेकांची सारखीच आहे. कामाचे तास कसेबसे बसतात, पण त्यांच्या दोन्ही टोकांचा अर्धा-पाऊण तास बसत नाही. निघताना मावशी आलेल्या नसतात, परतताना बस चुकते, शाळा बारालाच सुटते. सोय मोडते ती बहुधा या सांध्यांवर, म्हणून उत्तरांत जास्त भर त्यावरच दिला आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते. बाळ आठ महिन्यांचं आहे आणि अजून अंगावर पितं. शाहूपुरीतल्या ऑफिसने दोन पर्याय दिलेत. रोज 10 ते 2 असे सहा दिवस, किंवा तीन दिवस पूर्णवेळ. पगार दोन्हीकडे सारखाच. शेजारच्या गल्लीत पाळणाघर आहे. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. सकाळी पाळणाघर आणि साडेबारानंतर सासूबाई, असं करावं का? आणि कोणता पर्याय घ्यावा?

उत्तर : आधी तास दारापासून दारापर्यंत मोजा. 10 ते 2 साठी तुम्ही साडेनऊला निघणार आणि अडीचला परतणार, म्हणजे रोज 5 तास, आठवड्याचे 30. पूर्णवेळाचे तीन दिवस साडेनऊ ते साडेसहा धरले तर 27 तास होतात. नुसत्या हिशोबात तीन दिवसांचा पर्याय तीन तासांनी स्वस्त पडतो. तरीही बाळ वर्षाचं होईपर्यंत रोजचे चार तासच घ्या असं आम्ही सुचवू. सलग नऊ तास बाळ अंगावर प्यायलं नाही तर ऑफिसात दोनदा तरी दूध काढावं लागतं. ते जमलं नाही की छाती दाटते, गाठी होतात आणि काही आठवड्यांत दूधही कमी होऊ लागतं. पाच तासांत एकदा काढलं तरी भागतं. वर्षानंतर पर्याय बदलून मिळेल का, हे आत्ताच विचारून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी कबुली साहेब बदलला की संपते.

दुधाचा अंदाज असा: आई नसतानाच्या दर तासाला साधारण 30 ते 45 मिली. पाच तासांसाठी 150 ते 225 मिली ठेवा, पण एकाच भांड्यात नको. 60 ते 75 मिलीचे तीन भाग करा, कारण बाळाने तोंड लावलेलं उरलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. काढलेलं दूध खोलीत 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं. एप्रिल-मेच्या उन्हात त्यावर विसंबू नका, सरळ फ्रीजमध्ये ठेवा. तिथे 4 दिवस चालतं, पण दारात नाही, आत मागच्या बाजूला. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद राहिला तर साधारण चार तास आतला गारवा टिकतो. देताना भांडं कोमट पाण्यात धरून दुधाचा गारवा घालवायचा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो उकळून स्वच्छ करणं सोपं. पाळणाघरातल्या मावशी बाटलीचा आग्रह धरतात, कारण वाटीने पाजायला वेळ लागतो. तुम्ही पहिल्या दिवशी समोर बसून एकदा पाजून दाखवा. आठ महिन्यांच्या बाळाला या पाच तासांत वरणभाताचं किंवा नाचणीचं एक खाणंही हवं. मीठ-साखर वर्षापर्यंत नाही.

आता सासूबाईंचं. दिवसाचे दोन तुकडे करू नका. तुकडा पाडला की सांधा वाढतो: साडेबाराला बाळाला आणायचं कोणी? आठेक किलोचं, रांगणारं, दर दोन मिनिटांनी उचलावं लागणारं बाळ दुखऱ्या गुडघ्यांवर टाकणं दोघांनाही धोक्याचं. एक तर पूर्ण वेळ पाळणाघर, नाहीतर घरी येणारी मावशी आणि सासूबाई देखरेखीला. पाळणाघर घेतलं तर सासूबाई हा तुमचा दुसरा नंबर. बस चुकली, मीटिंग लांबली, तर फोन त्यांना. त्या गल्लीत जाऊन बाळापाशी बसतील, उचलणं पाळणाघरातली मदतनीस करील. हे आधी बोलून ठेवलं तर त्यांनाही आपल्यावर काय आणि काय नाही ते कळतं.

सवय लावायला दोन आठवडे धरा आणि ते कामावर रुजू होण्याआधीचे असू द्या. आठ महिने ते दीड वर्ष हा काळ बाळ आईला सर्वांत जास्त चिकटतं तो. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही तिथेच बसा. मग अर्धा तास बाहेर जा, मग एका खाण्यापुरतं, आणि शेवटी एका झोपेपुरतं. झोपेवर घाई करू नका. अनोळखी जागी जागं होऊन आई न दिसणं हे बाळाला सगळ्यांत जड जातं. गुपचूप सटकायचं नाही. एकदा सांगून, हात हलवून जायचं, मग रडलं तरी परत वळायचं नाही. जे बाळ आईला चोरून गेलेलं पाहतं ते पुढे ती समोर असतानाही तिला सोडत नाही.

गाडीवरून नेणार असाल तर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि 40 किलोमीटरच्या आत वेग, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. शेजारच्या गल्लीत मात्र चालतच न्या.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. यजमान शिरोली एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये आहेत: एक आठवडा 7 ते 3, एक 3 ते 11, एक रात्री 11 ते 7. मी महाद्वार रोडवरच्या कापड दुकानात दुपारी 4 ते 8 करते. मुलगी चार वर्षांची, बालवाडी 9 ते 12. दोन वेळा मावशी ठेवल्या, दोन्ही महिन्या-दोन महिन्यांत सोडून गेल्या. आमचं काय चुकतं?

उत्तर : तुमच्या पत्रावरून वाटतं, मावशींना तुम्ही गरज पडेल तसं बोलावत असाल. तीन आठवड्यांतून एकदा मिळणाऱ्या कामावर कुणाचं घर चालत नाही. तिला दुसरं रोजचं काम मिळालं की ती जाणारच, यात तिचा दोष नाही.

तुमच्या तीन आठवड्यांचा हिशोब मांडू. तुम्ही पावणेचारला निघून साडेआठला परत येता. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी घरी कोणीच नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात यजमान सकाळी आठला येऊन दुपारपर्यंत झोपतात, तेव्हा मुलगी तुमच्याकडे आहे. संध्याकाळी ते सांभाळू शकतात, फक्त त्यांची झोप अडीच-तीनपर्यंत अखंड होऊ द्या. पेंगलेला माणूस घरात असणं म्हणजे सांभाळणं नव्हे. पहिल्या शिफ्टचा आठवडा वरवर सोपा दिसतो, पण खरी गळती इथे आहे. सुट्टी तीनला, पण बदली कामगार उशिरा आला की मशिन सोडता येत नाही. मग वाटेत तावडे हॉटेलचा चौक, कावळा नाका. पावणेचारचं घर कधी सव्वाचार होईल ते सांगता येत नाही. तुम्ही रोज जीव मुठीत धरून वाट बघत असाल.

उपाय असा. मावशींना रोज साडेतीन ते पाच ही वेळ कायमची द्या, तिन्ही आठवडे. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मात्र साडेतीन ते साडेआठ. म्हणजे दोन आठवडे रोज दीड तास, सहा दिवसांचे 9 आणि 9, तिसऱ्या आठवड्यात रोज 5 तास, 30. तीन आठवड्यांचे मिळून 48 तास, सरासरी आठवड्याला 16. पगार या 16 तासांच्या सरासरीवर दरमहा एकसारखा ठरवा. तिला महिन्याला किती येणार हे कळतं, तुमचा सांधा रोज बंद होतो. कॅलेंडरवर तिन्ही शिफ्ट तीन रंगांत रंगवा आणि एक प्रत तिच्या घरी द्या. शिफ्ट अचानक बदलली तर आदल्या रात्रीपर्यंत कळवायचं, आणि वाढलेले तास वेगळे मोजायचे. तुम्ही सुट्टीवर गावी गेलात तरी पगार कापू नका. कापला की पुढच्या महिन्यात ती दुसरं काम धरते. तिची महिन्यातली दोन भरपगारी रजाही आधीच ठरवून ठेवा, म्हणजे न सांगता दांडी पडत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मावशी मिळत नाही म्हणून बारा-तेरा वर्षांची मुलगी सांभाळायला ठेवू नका. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे आणि संकटात काय करायचं हे त्या वयात कळण्याची अपेक्षा धरणंही चूक आहे. मोठ्या मावशींचंसुद्धा आधार कार्ड, फोटो आणि घरचा पत्ता घेऊन पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्या. ओळखीतून आलेली असली तरी.

पावसाळ्यासाठी वेगळा आराखडा लागेल, कारण तुमचं घर आणि यजमानांचा कारखाना यांच्या मधे पंचगंगा नदी आहे. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती. तेव्हा 39 फुटांची बातमी आली की त्या दिवसापासून यजमान वेळेत पोचतील हे गृहीत धरू नका. नदीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, पायी पोचता येईल अशी दोन माणसं ठरवलेली हवीत. मावशी सुतारवाड्यासारख्या नदीकाठच्या भागात राहत असतील तर पूर येताच त्यांचंच स्थलांतर आधी होतं. दुसरं माणूस उंचावरच्या पेठेतलं निवडा. दुकानाच्या मालकांनाही जूनमध्येच सांगून ठेवा की पूरस्थितीत तुम्ही चार दिवस येणार नाही किंवा सकाळच्या वेळेत याल. ऐन पुरात मागितलेल्या रजेपेक्षा जूनमध्ये मागितलेली रजा मिळते. गणपती विसर्जन आणि नवरात्रातली गर्दी असते तेव्हा महाद्वार रोडवरून निघायलाच तुम्हाला अर्धा तास जास्त लागेल. ते दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा.

प्रश्न : पाळणाघर बघायला जाणार आहोत. काय बघावं?

उत्तर : सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळंच छान असतं. दुपारी दीड-दोनला, म्हणजे जेवणं आणि झोपेच्या वेळी जा, आणि पुन्हा एकदा बंद व्हायच्या अर्धा तास आधी. दुपारी एक मदतनीस स्वयंपाकघरात आणि दुसरी जेवायला बसलेली असते; तेव्हा मुलांपाशी प्रत्यक्ष किती माणसं उरतात ते मोजा. दीड वर्षाच्या आतल्या चार मुलांमागे एक मोठं माणूस असावं, पाच म्हणजे ताणलंच. तान्ही बाळं पाठीवर झोपवलेली आहेत का, उशा-गोधड्यांत बुडालेली नाहीत ना, ते बघा. न्हाणीघरात डोकवा: भरलेली बादली दिसली तर तिथे मूल ठेवू नका. रांगतं मूल बादलीत डोक्यावर पडलं तर चार-सहा इंच पाण्यातही बुडतं. जिन्याला फाटक, सिलिंडर मुलांच्या खोलीबाहेर, बाहेरच्या दाराची कडी उंचावर.

विचारण्यासारखं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मदतनीस रजेवर असते तेव्हा कोण असतं. उत्तर लगेच आणि नावासह आलं पाहिजे. मुलाला न्यायला येऊ शकतील अशा तीन माणसांची नावं, फोटो आणि नंबर लिहून द्या आणि इतर कुणी, अगदी काका म्हणून आलं तरी, तुमचा फोन झाल्याशिवाय मूल द्यायचं नाही हे ठरवा. अर्धवेळाची फी पूर्णवेळाच्या निम्मी नसते, कारण जागा दिवसभर तुमच्या नावावर अडते. ते मान्य करा, पण उशिराचा आकार, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची फी आणि काढून घेताना किती दिवस आधी सांगायचं, हे चार मुद्दे लिहून घ्या.

औषधाचा घोळ सगळीकडे होतो, म्हणून आकड्यांत सांगतो. तापावरचं पॅरासिटामॉल किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम लागतं. दहा किलोच्या मुलाला 150. पण हे औषध वेगवेगळ्या ताकदींत मिळतं. 5 मिलीत 125 असलेलं सिरप त्याला 6 मिली लागेल, 5 मिलीत 250 असलेलं 3 मिली, आणि एका मिलीत 100 असलेले थेंब फक्त दीड मिली. घरी 6 मिलीची सवय, पाळणाघराला दिली थेंबांची बाटली. तिथे 6 मिली दिलं तर डोस चौपट होतो. एकच ताकद घर आणि पाळणाघर दोन्हीकडे ठेवा, डॉक्टरांकडून मिलीत मात्रा लिहून घ्या, तो कागद बाटलीला चिकटवा आणि आधीचा डोस किती वाजता दिला ते सकाळी सांगा. सकाळी औषध देऊन तापातलं मूल पाळणाघरात सोडणं हा सर्रास होणारा प्रकार आहे. बाराला औषध उतरतं, ताप चढतो, फोन येतो, आणि तोवर आणखी चार मुलांपर्यंत लागण पोचलेली असते. औषधाशिवाय 24 तास ताप 100.4 च्या खाली राहिला की मगच पाठवा.

प्रश्न : मी 63 वर्षांची आजी. नातू दीड वर्षाचा. सून चार तासांच्या नोकरीला जाते म्हणून मीच सांभाळायचं कबूल केलं. पण येता-जाता बाजार, बँक, कधी मैत्रीण, असं करत सहा-सात तास होतात. नातवाचा जीव आहे, पण कंबर राहिली नाही. बोलले तर सुनेला वाईट वाटेल.

उत्तर : आजी, बोलायला हवंच, पण दमल्यावर संध्याकाळी नाही. रविवारी सकाळी, मुलगा आणि सून दोघं बसलेले असताना बोला. नुसत्या सुनेशी बोललात तर विषय सासू-सुनेचा होतो, आणि हा प्रश्न तर मुलाचाही आहे. तक्रार न करता वेळ सांगा: “मी साडेनऊ ते अडीच. अडीचनंतर मी झोपणार.” आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सून बाजारात जाईल तेव्हा नातवाला मुलगा सांभाळेल असं ठरवा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण तुमचा. त्या दिवसापुरतं मावशी किंवा मुलाची रजा. अंघोळ, जिना आणि उचलून झोपवणं या तीन कामांना तासभर येणारी बाई मिळाली तर तुमची कंबर वाचते आणि नातू तुमच्याकडेच राहतो. पैशांचं विचारलं नाहीत तरी सांगतो: दूध, फळं, रिक्षा, तुमची औषधं हा खर्च तुमच्या पेन्शनमधून जात असेल तर तो दरमहा त्यांच्याकडून घ्या. त्यात कमीपणा नाही.

एक आणखी. तुमच्या गोळ्या उशाशी किंवा पिशवीत ठेवू नका. बीपी-शुगरच्या दोन गोळ्याही दीड वर्षाच्या मुलाला जिवावर बेतू शकतात. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांपर्यंत नकोत. आणि पुढच्या नातवंडाला गुटी उगाळाल तेव्हा पहिलं वर्षभर मधाचं बोटही नाही.

प्रश्न : गोकुळ शिरगावमधल्या आमच्या कारखान्यात 60 जण आहेत, बायका नऊच. मालक म्हणतात नऊ जणींसाठी पाळणाघर कशाला. नियम काय?

उत्तर : मोजायचे ते सगळे कर्मचारी, फक्त बायका नाहीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्याही मिळतात. त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 50 चाच आकडा आहे, आणि आसपासच्या कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायला तिने वाट दिली आहे. नऊ जणींनी सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, त्यात शेजारच्या दोन-तीन कारखान्यांसोबत सामाईक पाळणाघराचा पर्याय मांडा. खर्च वाटला जातो म्हणून मालक यालाच लवकर तयार होतात. महिनाभर उत्तर आलं नाही तर पोचीची प्रत जोडून कामगार आयुक्तांच्या कोल्हापूर कार्यालयात तक्रार करा.

प्रश्न : पगार 9,000. पाळणाघर 3,500, रिक्षा 1,200. हातात 4,300. घरचे म्हणतात, एवढ्यासाठी कशाला जातेस?

उत्तर : महिन्याचे 22 दिवस आणि दारापासून दारापर्यंत साडेपाच तास धरले तर 121 तास, म्हणजे तासाला सुमारे 35 रुपये. आकडा छोटा आहे, हे खरं. पण फी तुमच्याच पगारातून का वजा करायची? मूल दोघांचं आहे. दोघांच्या एकत्र पगारातून वजा करून बघा, मग चित्र वेगळं दिसेल. त्यात पीएफ कापला जात असेल तर मालकाचा वाटाही मोजा. शिवाय फी तीन वर्षांनंतर उतरते. तीन ते सहा वयाला अंगणवाडी आहे. ती काही तासांचीच, पण तुमच्या वेळेत बसली तर पाळणाघराचे तेवढे तास कमी होतात. काही अंगणवाड्यांना ‘पाळणा’ योजनेतून पाळणाघर जोडलेलं असतं, तिथे सहा महिन्यांपासून मूल घेतात. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला विचारा. चार वर्षं नोकरी सोडली तर परत येताना पगार 9,000 वरूनच सुरू होईल याची खात्री कोणी देत नाही. तेवढं सोसायची तयारी असेल तरच सोडा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. शाळा साडेबाराला सुटते, मी दोनला येते. दीड तास घरी एकटा राहू शकेल का?

उत्तर : नाही, अजून तीन-चार वर्षं तरी नाही. त्याची किल्ली त्याच्या दप्तरात नको, शेजारच्या काकूंकडे ठेवा आणि जेवणाचा डबाही त्यांच्याच घरी. रोज फुकट नको; महिन्याची रक्कम ठरवा, म्हणजे त्या गावाला जायच्या असतील तर आदल्या आठवड्यात सांगतात. रिक्षाकाकांना सांगा की काकू दारात दिसल्याशिवाय त्याला उतरवायचं नाही, आणि दार बंद असेल तर शाळेत परत न नेता तुम्हाला फोन करायचा. तुमचा आणि काकूंचा नंबर मुलाला तोंडपाठ हवा. आठवडाभर जेवताना विचारत राहा, पाठ होतो.